मधल्या चौकटीतली मुलगी

केंडल हे उत्तर इंग्लंडमधले करड्या दगडांचे गाव. तिथल्या अ‍ॅबट हॉल या कलादालनात एका प्रचंड चित्रासमोर मी पंधरा-वीस मिनिटे उभी होते. बाहेर बारीक पाऊस होता आणि आत ओल्या लोकरी कोटांचा आणि लाकडी फरशीला लावलेल्या मेणाचा असा एक संमिश्र वास भरून राहिला होता. माझ्या शेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी तिच्या आजोबांचे बोट धरून उभी होती. चित्र तीन फळ्यांचे आहे. डाव्या फळीवर पंधरा वर्षांची एक मुलगी, उजव्या फळीवर तीच मुलगी छप्पन्न वर्षांची झालेली, आणि मधल्या मोठ्या फळीवर तिचे आईवडील आणि दोन भाऊ. मुलीने विचारले, "ती मधे का नाही? तिला बाहेर का ठेवलं?" आजोबा किंचित वाकले आणि शांतपणे म्हणाले, "आहे ना मधेच. आईच्या पोटात आहे. अजून जन्माला यायचीय." मुलीचे समाधान झाले की नाही कोण जाणे, ती पुढच्या दालनाकडे निघून गेली. माझे पाय मात्र तिथेच खिळले. एवढा वेळ पाहूनही मला ती दिसली नव्हती. अर्थात ती दिसण्यासारखी नव्हतीच. पण ती तिथे आहे हे मला सुचलेही नव्हते, आणि ही टोचणी परतीच्या गाडीत, नंतर घरी आणि त्यानंतरही कित्येक दिवस गेली नाही.

ते चित्र लेडी अ‍ॅन क्लिफर्डचे. १६४६ मध्ये तिने स्वतः ते करवून घेतले. उंची अडीच मीटरच्या आसपास, तिन्ही फळ्या मिळून रुंदी पाच मीटरच्या जवळपास. मधल्या फळीवरची चारही माणसे तोवर मरण पावली होती, तेव्हा चित्रकाराला त्यांचे चेहरे जुन्या चित्रांवरून उतरवावे लागले. कडेने कुळाच्या ढालींची उतरंड आहे आणि जिथे जागा सापडेल तिथे बारीक अक्षरांत वंशाची हकीकत लिहिलेली आहे. हे चित्र पाहायचे कमी आणि वाचायचे जास्त. डावीकडच्या मुलीच्या भिंतीवर तिचे शिक्षक, कवी सॅम्युअल डॅनियल, आणि तिला वाढवणारी शिक्षिका अशा दोघांच्या लहान तसबिरी आहेत. उजवीकडच्या प्रौढ बाईच्या भिंतीवर त्याच आकाराच्या दोन तसबिरी दोन नवऱ्यांच्या आहेत. त्यांपैकी दुसरा नवरा चित्र काढले तेव्हा चांगला जिवंत होता. त्याला भिंतीवरच्या चौकटीत बसवून टाकणे हा खोडसाळपणा होता की निव्वळ मांडणीची सोय, हे मला ठरवता आलेले नाही. खोडसाळपणा असावा, अशी माझी इच्छा आहे. तिच्या पायाशी एक कुत्रा आणि एक मांजर आहे, आणि मागच्या मांडणीवरची पुस्तके अस्ताव्यस्त पडलेली आहेत, जणू ती नुकतीच कोणी वाचून ठेवली आहेत.

स्वतःला मधल्या फळीवर, आणि तेही न दिसणाऱ्या रूपात ठेवण्याची कल्पना तिच्याखेरीज कोणाला सुचली नसती. माणसे आपल्या आयुष्याची सुरुवात जन्मापासून धरतात, पण अ‍ॅनने ती गर्भधारणेपासून धरली. १ मे १५८९ रोजी, वेस्टमिन्स्टरमधल्या चॅनल रो येथील घरात आपण आईच्या पोटी आलो, असे तिने आपल्या चरित्रात दिवस आणि ठिकाणासह नोंदवून ठेवले आहे. जन्म नंतरचा, ३० जानेवारी १५९० चा, यॉर्कशरमधल्या स्किप्टनच्या किल्ल्यातला. हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले होते. मागाहून लक्षात आले की या हिशेबाला अर्थ आहे. १५८९ च्या मे महिन्यात तिचे दोन्ही भाऊ जिवंत होते. थोरला फ्रान्सिस त्याच वर्षाच्या अखेरीस गेला आणि धाकटा रॉबर्ट १५९१ मध्ये. आईवडील आणि तिन्ही मुले एकाच वेळी हयात होती, असे फक्त ते काही महिने. त्या कुटुंबाचा सगळ्यांना घेऊन केलेला एकच एक क्षण चितारायचा, तर अ‍ॅनला पोटातच असणे भाग होते.

तिचे वडील जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलंडचे तिसरे अर्ल, त्या काळात घरी फारसे नसतच. १५८९ च्या जूनमध्ये ते अझोर्स बेटांच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा अ‍ॅन पोटात दीड महिन्याची होती. राणी एलिझाबेथचे ते लाडके वीर. राणीचा हातमोजा हिऱ्यांनी मढवून टोपीवर मिरवतानाचे त्यांचे एक छोटे चित्र प्रसिद्ध आहे. पण या वैभवाच्या मागे समुद्रावरच्या लुटीचा जुगार होता. १५९२ मध्ये मसाल्यांनी भरून हिंदुस्थानातून लिस्बनला परतणारे 'माद्रे दे देउस' हे पोर्तुगीज जहाज इंग्रजांनी पकडले, त्या पकडणाऱ्यांत जॉर्ज यांची जहाजे होती. पुढे त्यांनी स्वतःसाठी 'स्कर्ज ऑफ मॅलिस' नावाचे मोठे लढाऊ जहाज बांधून घेतले आणि शेवटी ते ३,७०० पौंडांना नव्याने स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला विकले. 'रेड ड्रॅगन' या नव्या नावाने त्याच जहाजाने १६०१ मध्ये कंपनीच्या पहिल्या सफरीचे नेतृत्व केले, आणि १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांशी जी लढाई झाली, तीत ते पुन्हा होते. सुरत म्हटले की आपल्याला काय काय आठवते. त्या बंदराच्या तोंडाशी, कर्जात बुडालेल्या एका इंग्रज सरदाराने विकलेले जहाज उभे होते, आणि त्याच सरदाराची मुलगी तेव्हा इंग्लंडमध्ये वडिलांनी आपल्याला का डावलले याचा कज्जा लढत होती.

१६०५ मध्ये जॉर्ज वारले आणि भाऊबंदकी सुरू झाली. या गोष्टीला दुसरा शब्द मला मिळत नाही. मृत्युपत्राने सगळी जहागीर आणि किल्ले धाकट्या भावाला, म्हणजे अ‍ॅनच्या काकांना मिळाले. अ‍ॅनच्या वाट्याला १५,००० पौंड रोख. रक्कम लहान नव्हती, आणि आजूबाजूच्या जगाच्या दृष्टीने मुलीचे यथास्थित झाले होते. पण दुसऱ्या एडवर्ड राजाच्या काळापासून या जमिनींवर एक बंधन होते. त्या थेट औरस वारसाकडे जाव्यात, मग तो वारस मुलगा असो वा मुलगी. जॉर्जनी ते बंधन मोडलेच नव्हते, तेव्हा मृत्युपत्र त्याच्यावर मात करू शकत नव्हते. हे अ‍ॅनला कोणी सांगितले? तिच्या आईने. मार्गारेट रसेल ही बेडफर्डच्या अर्लची मुलगी. नवऱ्याने दुरावलेली, धार्मिक वृत्तीची, आणि कागदाच्या बाबतीत विलक्षण चिकाटीची. तिने दफ्तरे उपसून सनदा, निवाडे, वाटण्या यांच्या नकला करवून घेतल्या. वडिलांनी मुलीला परकी भाषा शिकू द्यायची नाही असे ठरवले होते, पण तिच्या हाती पडलेल्या मायबोलीतल्या कागदांचा त्यांना अंदाज आला नसावा.

आमच्या घरी कापडावर चिकटवलेली एक वंशावळ होती. माझ्या आत्यांच्या जागी तिच्यात नाव नसलेली दोन लहान वर्तुळे होती. लहानपणी मला ती न उमललेल्या कळ्यांसारखी वाटत.

अ‍ॅनचे पंधरा वर्षांपर्यंतचे जग किती जिवंत होते, हे तिने १६०३ सालाविषयी जे लिहिले आहे त्यावरून कळते. राणी एलिझाबेथच्या अंत्ययात्रेत आई आणि मावशी होत्या, पण तेरा वर्षांच्या अ‍ॅनची उंची पुरेशी नाही म्हणून तिला घेतले नाही, आणि त्याचे तिला फार वाईट वाटले. त्याच उन्हाळ्यात नव्या राणीला सामोरे जाण्याच्या घाईत त्यांनी इतकी दौड केली की उष्म्याने एका दिवसात तीन घोडे मेले. आणि एका बड्या दरबाऱ्याच्या खोलीत बसल्यामुळे सगळ्यांच्या अंगावर उवा झाल्या. राजदरबार आणि उवा एकाच वहीत लिहिणारी ही मुलगी मला तिथेच आवडली.

१६०९ मध्ये तिचे लग्न रिचर्ड सॅकव्हिलशी झाले, आणि दोनच दिवसांत वडील वारल्यामुळे तो डॉर्सेटचा अर्ल झाला. केंटमधला नोलचा वाडा हे तिचे सासर. नवरा देखणा, खर्चिक, आणि बायकोच्या दाव्याकडे रोख रकमेच्या नजरेने पाहणारा. दावा सोडला तर काकांकडून घसघशीत पैसे मिळणार होते. १६१६ च्या फेब्रुवारीत कँटरबरीच्या आर्चबिशपपर्यंत सगळ्यांनी तिला समजावून पाहिले. ती म्हणाली, आईला विचारल्याशिवाय काही करणार नाही, आणि उत्तरेकडे आईच्या ब्रूम किल्ल्यावर गेली. दोघींनी मिळून नकार पक्का केला. २ एप्रिल १६१६ रोजी किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, रस्त्यावर, आईने तिला निरोप दिला. परतल्यावर नवऱ्याने दोन वर्षांच्या मुलीला तिच्यापासून दूर नेण्याचा हुकूम काढला. त्या दिवशीच्या नोंदीत आरडाओरडा नाही. अडवले तर नवरा अधिक चिडेल आणि लेकरालाच त्रास होईल, म्हणून जाऊ दिले, असे तिने लिहून ठेवले आहे. त्यानंतर तीनच आठवड्यांनी उत्तरेकडे आई गेली. रस्त्यावरचा निरोप शेवटचा ठरला.

पुढच्या जानेवारीत तिला राजा जेम्ससमोर उभे केले. राजाने इतरांना बाहेर काढले, नवराबायको त्याच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली. सगळे माझ्यावर सोपवा, तो म्हणाला. नवरा लगेच हो म्हणाला. अ‍ॅनने क्षमा मागितली आणि सांगितले की जिवात जीव असेपर्यंत उत्तरेकडची वेस्टमोरलंडची जहागीर कोणत्याही अटीवर सोडणार नाही. दोन दिवसांनी पुन्हा बोलावणे झाले, राजा संतापला, आणि भर सभेत तिचा अपमान होऊ नये म्हणून नवऱ्यानेच तिला बाहेर पाठवले. सत्तावीस वर्षेही पूर्ण न झालेल्या बाईने राजाला, नवऱ्याला आणि धर्मगुरूला वर्षभराच्या आत नाही म्हटले, असे आज सहज लिहिता येते. पण त्या महिन्यांची तिची रोजनिशी वाचली की पराक्रमाची चव येत नाही. तिथे फक्त लांबलेली दुपार असते. नवरा लंडनमध्ये कोंबड्यांच्या झुंजी, नाटके आणि घोड्यांच्या शर्यती पाहत असे. ती नोलमध्ये भरतकाम करी, कोणाकडून तरी फ्रेंच निबंधकार माँतेन वाचवून घेई, पत्त्यांत पैसे हरे. आपण वाळवंटातल्या घुबडासारख्या झालो आहोत, असे तिने एका ठिकाणी बायबलमधली उपमा घेऊन लिहिले आहे. राजाने निवाडा अर्थातच काकांच्या बाजूने दिला. पैसे नवऱ्याला. अ‍ॅनसाठी एकच फट उरली. काकांचा पुरुषवंश खुंटला, तर जहागीर तिच्याकडे यावी.

मग ती जगत राहिली.

तिचे मुलगे तान्हेपणीच गेले, दोन मुली वाचल्या. १६२४ मध्ये नवरा वारला. १६३० मध्ये तिने पेंब्रोकच्या अर्लशी दुसरे लग्न केले आणि चार-पाच वर्षांत तेही फिसकटले. नोल आणि दुसऱ्या नवऱ्याचे विल्टन येथील संगमरवरी खांब म्हणजे आपल्यासाठी पुष्कळदा यातनांचे सजवलेले मांडवच होते, अशा अर्थाचे वाक्य तिने मागाहून लिहिले. काका गेले. डिसेंबर १६४३ मध्ये काकांचा मुलगा पुरुष वारस न ठेवता गेला, आणि अडतीस वर्षांनी फट दरवाजाएवढी झाली. पण राजा आणि पार्लमेंट यांच्यातले यादवी युद्ध पेटलेले होते आणि तिला लंडनमध्येच अडकून राहावे लागले. केंडलचे ते चित्र याच काळातले, जहागीर कागदोपत्री हाती आलेली आणि पाऊल अजून ठेवता न आलेले असतानाचे. १६४९ मध्ये, साठीला टेकलेली असताना, ती उत्तरेकडे गेली आणि पुन्हा कधी परतली नाही.

तिथे तिला उभे किल्ले थोडेच सापडले. स्किप्टनचे बुरूज पार्लमेंटच्या सैन्याने पाडले होते, ब्रफचा किल्ला सव्वाशे वर्षांपूर्वी जळाला होता, पेंड्रॅगनचा तर शंभराहून अधिक वर्षे ओसाड होता. दुसऱ्या कोणी नव्या धर्तीचा, मोठ्या खिडक्यांचा वाडा बांधला असता. हिने जुने किल्लेच जसेच्या तसे उभे केले आणि प्रत्येकावर शिलालेख लावला, शेवटी बायबलमधल्या यशायाच्या पुस्तकातला 'भगदाडे बुजवणारा' म्हणून गौरव करणाऱ्या वचनाचा संदर्भ. दगडांवर तिने ए. पी. अशी आद्याक्षरे कोरवली. मला हा पी गमतीचा वाटतो, कारण तो पेंब्रोकचा पी आहे. जन्मभर क्लिफर्ड म्हणून भांडली आणि दगडावर सही केली ती न पटलेल्या नवऱ्याच्या नावाने, कारण हुद्दा तोच मोठा होता. स्नेह्यांना भेट म्हणून ती याच आद्याक्षरांची भलीमोठी लोखंडी कुलपे देत असे. ज्या बाईला निम्मे आयुष्य स्वतःच्या दारांबाहेर काढावे लागले, तिने इतरांना कुलपे वाटावीत.

मराठीत 'कुळ' शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि अ‍ॅनचा विचार करताना ते दोन्ही एकमेकांवर आदळतात. एका कुळासाठी तिने सगळे सोसले. दुसऱ्या अर्थाच्या कुळांशी, म्हणजे आपली जमीन कसणाऱ्यांशी, ती तितक्याच निर्धाराने कोर्टात भांडली. खंड, नजराणा, जुनी वहिवाट, काहीही सोडायचे नाही. आख्यायिका अशी की, वर्षाला एक कोंबडी देण्याची प्रथा एका कापडवाल्याने नाकारली तेव्हा तिने शेकडो पौंड खर्चून खटला जिंकला, आणि मग त्याच माणसाला जेवायला बोलावून तीच कोंबडी वाढली. ही गोष्ट सांगणारे हसतात. मी पूर्ण हसू शकत नाही. तिच्या डोक्यात स्त्रियांचे हक्क असे काही नव्हते. मुलींना वारसा मिळावा, असे ती म्हणत नव्हती. हा कागद म्हणतो की हा वारसा माझा आहे, एवढेच तिचे म्हणणे होते. आणि त्याच बाईने अ‍ॅपलबीला बारा गरीब विधवा आणि त्यांची एक प्रमुख अशा तेरा जणींसाठी घरे बांधली, जी अजून चालू आहेत. ती मला आवडते, आणि तिच्या जमिनीवर कुळ म्हणून राहणे मला आवडले नसते.

आईने जमवलेल्या कागदांवर माणसे बसवून तिने तीन थोर खंडांची कुळकथा तयार करवली आणि तिच्या तीन प्रती केल्या. जॉन राजाने १२०३ च्या सुमारास रॉबर्ट द व्हिपाँटला वेस्टमोरलंड दिले तिथपासूनची. या खंडांत एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर काकांचा सगळा दावाच मला हास्यास्पद वाटू लागला. व्हिपाँटांचा पुरुषवंश १२६४ मध्ये संपला. मागे इझाबेला आणि इडोनिया अशा दोन मुली राहिल्या. इझाबेलाने रॉजर द क्लिफर्डशी लग्न केले, आणि अशा रीतीने वेस्टमोरलंड क्लिफर्डांच्या घरात आले. म्हणजे जी जमीन मुलीला मिळू नये म्हणून चाळीस वर्षे भांडण झाले, ती मुळात मुलीच्या पदराला बांधूनच त्या घरी आली होती. अ‍ॅनने या दोन पूर्वज बहिणींना विसरू दिले नाही. पेंड्रॅगन दुरुस्त करताना तिच्या मनात इडोनिया होती. अ‍ॅपलबीच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये तिने आईचे आलाबास्टर दगडातले सुंदर निजलेले शिल्प उभारले. स्वतःच्या थडग्यावर शिल्प ठेवलेच नाही. मागच्या भिंतीवर फक्त ढालींची वंशावळ.

आणि तो रस्त्यावरचा निरोप. १६५६ मध्ये, चाळीस वर्षांनी, तिने त्याच जागी खांब उभारला. तो पेनरिथजवळ, आज ट्रक धडधडत जातात त्या हमरस्त्याच्या कडेला, आहे. वर सूर्यतबकड्या, रंगवलेल्या ढाली, आणि शेजारी बसकी दगडी चौकी. दर २ एप्रिलला त्या चौकीवर ठेवून ब्रूमच्या गरिबांना चार पौंड वाटावेत, अशी तिने व्यवस्था लावली, आणि ती प्रथा अजून पाळली जाते. तिच्या सगळ्या बांधकामांत हक्क न सांगणारे बांधकाम मला एवढे एकच दिसते.

शेवटचे तीन महिने तिने ब्रूमच्या त्याच खोलीत काढले, जिथे वडील जन्मले होते आणि आई वारली होती. तिच्या खोलीत भिंतींवर, पडद्यांवर, पलंगाच्या झालरींवर वचने लिहिलेले कागद टाचलेले असत, असे तिच्या अंत्यविधीच्या प्रवचनात कार्लाइलच्या बिशपने सांगितले. १ जानेवारी १६७६ पासूनच्या तिच्या रोजच्या नोंदी आहेत. कोण जेवायला आले, कोणाला किती दिले, आणि आजच्या दिवशी एकोणसाठ वर्षांपूर्वी आपण राजासमोर उभ्या होतो. आज खोलीबाहेर पडले नाही, हे वाक्य पुन्हा पुन्हा येते. फेब्रुवारीत एके सकाळी तिने हातापायांची नखे काढली, डोक्यावरचे सगळे केस कापवले आणि ते सारे खोलीतल्या शेकोटीत जाळले. केस जळल्याचा तो वास मला त्या ओळींतून येतो. शेवटची नोंद २१ मार्चची. २२ मार्चला ती गेली, शहाऐंशी वर्षांची होऊन.

पुढच्या पिढ्यांनी ब्रूमच्या छपरावरचे शिसे आणि लाकूड काढून विकले. नोलच्या वाड्यात १८९२ मध्ये लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट जन्मली, आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. १९२३ मध्ये अ‍ॅनची रोजनिशी छापून आणली ती तिनेच. पाच वर्षांनी तिचे वडील वारले आणि वाडा गेला तो काकांकडे. पुन्हा काका.

दोन महिन्यांनी मी केंडलला परत गेले. या वेळी ऊन होते आणि दालन जवळजवळ रिकामे. मी सरळ मधल्या फळीपुढे गेले आणि मार्गारेटकडे पाहत राहिले. जड रेशमी झगा, पोटाचा ठाव लागू न देणारा. त्या काळचे झगे तसेच असत, तेव्हा त्यावरून काही ठरवता येत नाही. तिचा चेहरा थकलेला आहे. चित्रकाराने ही थकावट कुठल्या तरी जुन्या चित्रातून उचलली असणार, आणि त्या जुन्या चित्राच्या वेळी ती गरोदर होती की नव्हती हे कोणाला माहीत. दोन मुलगे समोर नीट उभे आहेत, आपल्याला किती थोडे दिवस आहेत हे ठाऊक नसलेले. रखवालदार दोनदा माझ्या मागून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारले, काही शोधताय का? मी म्हटले, हो, यांची मुलगी. त्याने मदतीच्या सुरात डाव्या फळीकडे बोट दाखवले, मग उजव्या.